श्रोणितलाची परिभाषा : एक चिकित्सा

१

शरीरातील बहुतेक ऐच्छिक स्नायूंचे कार्य डोळ्यांनी पाहता येते. हात कोपरात वळला की दंडाचा स्नायू फुगतो आणि शिकविणारा स्वतःचा हात वळवून शिकणाऱ्यास ते दाखवूही शकतो. श्रोणीच्या तळाशी पसरलेल्या स्नायूंची गोष्ट निराळी आहे. ते ऐच्छिक आहेत, परंतु दृष्टीआड आहेत. शिकविणाऱ्यास ते दाखविता येत नाहीत आणि आपण केले ते बरोबर की चूक, हे शिकणाऱ्यास सहजी कळत नाही. अशा स्थितीत तपासणाऱ्याचा हात अथवा यंत्र हाताशी नसेल, तर दोघांमध्ये भाषा एवढेच साधन उरते. तक्रार शब्दांनी सांगितली जाते आणि उपायही शब्दांनीच शिकविला जातो. ह्या स्नायूंविषयीच्या संशोधनात भाषेचा प्रश्न गौण मानला जातो. वस्तुतः तो मुळाशी आहे.

ह्याचा पुरावा वैद्यकाच्याच क्षेत्रात मिळतो. अमेरिकेतील बम्प आणि त्यांचे सहकारी यांनी १९९१ साली ४७ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. ह्या स्त्रियांना श्रोणितलाचे आकुंचन कसे करावे हे थोडक्यात तोंडी सांगण्यात आले आणि नंतर त्यांनी प्रत्यक्ष काय केले ते दाबमापनाने पाहण्यात आले. २३ स्त्रियांचा प्रयत्न अपेक्षेप्रमाणे उतरला. १२ स्त्रियांनी मात्र जे केले, त्याने लघवी सुटण्याची तक्रार कमी होण्याऐवजी वाढण्याचाच संभव होता. त्या स्त्रियांना ऐकू आले होते, समजल्यासारखेही वाटले होते. तरीही वाक्याचा अर्थ स्नायूपर्यंत पोचला नव्हता. ही गत इंग्रजी वाक्यांची, आणि ती ज्यांची नित्याची भाषा आहे अशांमध्ये. मराठीत ह्याच सूचना बहुधा भाषांतराने आलेल्या असतात. तेव्हा त्यांतील शब्द कोणते, ते कोठून आले आणि ऐकणाऱ्याच्या मनात ते काय उभे करतात, ह्याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

२

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहावयास हवे. समोर जघनास्थी आणि मागे माकडहाड ह्यांच्यामध्ये स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्रमार्ग व गुदमार्ग, आणि स्त्रीच्या ठिकाणी ह्या दोहोंमधील योनिमार्ग, हे तीतून बाहेर पडतात. ह्या झोळीला एकाच वेळी परस्परविरुद्ध वाटावीत अशी कामे करावी लागतात. वरच्या अवयवांचा भार तिने तोलावयाचा, खोकताना अथवा ओझे उचलताना मार्ग मिटून धरावयाचे, आणि मलमूत्रविसर्जनाच्या वेळी ते मोकळे सोडावयाचे. प्रसूतीत तर तिला आपल्या ताणाची कमाल मर्यादा गाठावी लागते. जी केवळ घट्ट आहे ती झोळी निरोगी नव्हे. जी वेळेवर मिटते आणि वेळेवर सुटते ती निरोगी.

ह्या विषयातील शब्दांचा गोंधळ पाश्चात्त्य वैद्यकासही जाणवला होता. इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी ह्या संस्थेने २००५ साली श्रोणितल-स्नायूंचे कार्य व कार्यदोष ह्यांच्या परिभाषेचा एक अहवाल प्रसिद्ध केला आणि २०२१ साली स्नायूंच्या तपासणीची परिभाषा पुन्हा विस्ताराने मांडली. २००५ च्या अहवालाची मांडणी स्वच्छ आहे. रुग्ण सांगतो ते लक्षण, तपासणाऱ्यास आढळते ते चिन्ह, आणि दोहोंवरून ठरते ती अवस्था. आकुंचनाच्या चार प्रती : अभाव, दुर्बल, प्राकृत, सबल. शिथिल होण्याच्या तीन : अभाव, अंशतः, पूर्ण. त्यावरून स्नायूंच्या चार अवस्था : प्राकृत, अतिक्रियाशील, न्यूनक्रियाशील आणि क्रियाहीन. अतिक्रियाशील म्हणजे जे सुटावयाच्या वेळी सुटत नाहीत, किंबहुना त्याच वेळी आवळले जातात. न्यूनक्रियाशील म्हणजे जे मिटावयाच्या वेळी इच्छेने मिटविता येत नाहीत.

ह्या मांडणीत महत्त्वाची गोष्ट अशी की आकुंचन आणि शिथिल होणे ह्या दोहोंना समान मान दिलेला आहे. मराठीतील प्रचलित परिभाषेची कसोटी ह्याच मुद्द्यावर लावून पाहता येईल. तथापि तत्पूर्वी एका समीकरणाचा विचार केला पाहिजे, कारण मराठी वाचकास हा विषय बहुधा त्याच वाटेने भेटतो. ‘केगेल व्यायाम म्हणजे आपला मूळबंधच’ हे ते समीकरण होय.

३

मूळबंधाचे एक अत्यंत रेखीव वर्णन मराठीत शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली झालेले आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आसनाचे विवरण करताना ज्ञानदेव स्थान मोजून देतात. गुद आणि शिश्न ह्यांमधील अंतर चार अंगुळे. दोन्ही टोकांकडे दीड दीड अंगुळ सोडले की मध्ये एक अंगुळ उरते, तेथे टाचेचा दाब द्यावयाचा. ह्या जागेच्या संदर्भात त्यांनी योजलेला शब्द ‘सिवणी’ हा आहे. संस्कृत ‘सेवनी’ पासून आलेला हा शब्द जुना आहे. मुतखडा काढण्याच्या शस्त्रक्रियेत सेवनीस धक्का लागू देऊ नये, असे सुश्रुतानेही बजावले आहे. शरीराच्या दोन बाजू जेथे शिवल्यासारख्या दिसतात ती ही शिवण. शब्द अचूक आहे, शालीन आहे आणि तो घरातलाही आहे.

परंतु ह्या वर्णनाच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली अशी की मोजलेले शरीर पुरुषाचे आहे. स्त्रीच्या ठिकाणी ह्या चार अंगुळांचा हिशेब लागू पडत नाही. तेथे योनिद्वार आणि गुद ह्यांमधील जागा आखूड असते, आणि प्रसूतीत ताण पडतो व पुष्कळदा फाटते ती हीच जागा. गर्भाशयभ्रंशाची प्रत ठरविण्यासाठी १९९६ साली जी आंतरराष्ट्रीय मोजणी-पद्धती निश्चित झाली, तीत ह्या जागेची लांबी सेंटिमीटरमध्ये स्वतंत्रपणे नोंदवावी लागते. मोजण्याची दृष्टी दोन्हीकडे आहे. मोजलेले शरीर मात्र निराळे आहे. दुसरी मर्यादा अशी की ज्ञानेश्वरीतील बंध मुख्यतः टाचेच्या दाबाने आणि तोललेल्या देहाने साधतो. मुद्रा साधली की अपानाचा मार्ग मोडतो आणि तो आपोआप आत वळतो, असे तेथे सांगितले आहे. कोणता स्नायू किती आवळावा, हा तेथे प्रश्नच नाही.

हठप्रदीपिकेत टाचेच्या दाबाच्या जोडीला गुदाच्या आकुंचनाची आज्ञा येते. तेथे दाबाच्या स्थानासाठी आलेला शब्द ‘योनि’ हा आहे. ज्योत्स्ना ह्या टीकेत ब्रह्मानंदाने त्याचा अर्थ गुद व जननेंद्रिय ह्यांमधला भाग असा स्पष्ट दिलेला आहे. म्हणजे ज्ञानदेवांची सिवणी तीच हठयोगाची योनी. आजच्या मराठीत ‘योनी’ हा शब्द स्त्रीच्या जननमार्गालाच रूढ झाला आहे. त्यामुळे स्त्रियांच्या व्यायामाविषयी लिहिताना जेव्हा एखादा लेखक हठयोगातील वचनाचा आधार घेतो आणि ‘योनीचे आकुंचन आपल्या पूर्वसूरींनी सांगितलेच आहे’ असे म्हणतो, तेव्हा तो नकळत एका शब्दाच्या दोन अर्थांवरून उडी मारीत असतो. त्या वाक्यात योनी दाबावयाची आहे आणि आकुंचन गुदाचे करावयाचे आहे.

विसाव्या शतकात ह्या विषयास नवे वळण मिळाले ते पुणे जिल्ह्यातच. स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान आणि नौली ह्यांवरील त्यांचे प्रारंभीचे प्रयोग त्यापूर्वी बडोद्यास झाले होते. बस्तिक्रियेत पिचकारीवाचून पाणी मोठ्या आतड्यात कसे चढते, हा त्यांचा प्रश्न होता. क्ष-किरण आणि दाबमापक ह्यांच्या साहाय्याने त्यांनी दाखविले की नौलीच्या वेळी आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून खाली जातो. ह्या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूंच्या नावावरून ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले. श्रद्धेने सांगितलेल्या गोष्टीस दाबमापक लावून पाहण्याचे हे धैर्य मोठे होते, आणि त्याची योग्यता कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि त्या प्रयोगांचा विषय पोटातील दाब हा होता. तळाच्या स्नायूंचे बळ हा नव्हता. मूळबंधाचे स्पष्टीकरण करताना त्यांची दृष्टी प्रामुख्याने गुदाच्या आकुंचनावर आहे.

त्यानंतर पुण्याचेच बी. के. एस. अय्यंगार यांचा ‘लाइट ऑन योगा’ हा ग्रंथ १९६६ साली आला. त्यात मूळबंधाची व्याप्ती गुदापासून नाभीपर्यंत जाते. हा सारा भाग आकुंचित करून वर आणि कण्याकडे घ्यावयाचा असतो. म्हणजे ‘मूळबंध’ ह्या एकाच नावाखाली तीन निरनिराळ्या क्रिया उभ्या राहिल्या : सिवणीवरचा टाचेचा दाब, गुदाचा संकोच, आणि ओटीपोटासह तळाचे एकवट उचलणे. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ह्या क्रियांत भाग घेणारे स्नायू एकच नव्हेत. ओटीपोटाचे स्नायू जोराने आवळले आणि तळाने साथ दिली नाही, तर पोटातला दाब तळावर येतो. दुबळ्या तळाला तो मारकच ठरावा.

आता समीकरणाची दुसरी बाजू पाहावी. आर्नल्ड केगेल हे लॉस अँजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांचा प्रसिद्ध निबंध १९४८ सालचा. त्यांच्या पद्धतीचा गाभा नुसते आकुंचन हा नव्हता. योनिमार्गात ठेवावयाचे एक दाबमापक त्यांनी तयार केले होते. आकुंचन बरोबर झाले की त्याचा काटा हले आणि तो स्त्रीस स्वतःस दिसे. जो स्नायू डोळ्यांआड होता, त्याला त्यांनी काट्याच्या रूपाने डोळ्यांसमोर आणले. पुढे व्यायाम जगभर पसरला, यंत्र मागे राहिले आणि उरली ती तोंडी सूचना. त्या उरलेल्या सूचनेचे काय होते, ते बम्प यांच्या पाहणीने दाखविले आहे.

तात्पर्य, ‘केगेल म्हणजेच मूळबंध’ असे म्हणणारा एका बाजूने यंत्र गाळतो आणि दुसऱ्या बाजूने तीन क्रियांची एक क्रिया करतो. साम्य नाही असे नव्हे. गुदाचा संकोच करताना तळाचे स्नायू सहसा सहभागी होतात. परंतु संशोधनाच्या निबंधात ‘मूळबंधाचा परिणाम पाहिला’ एवढेच लिहिलेले असेल, तर नेमके काय करावयास सांगितले होते हे वाचकास कळत नाही, आणि जे कळत नाही ते दुसऱ्याला पुन्हा करून पाहता येत नाही. अभिमानाने जोडलेले नाव येथे ज्ञानाच्या आड येते.

४

ग्रंथांतील शब्दांचा विचार येथवर झाला. आता ज्यांना दुखणे आहे त्यांच्या शब्दांकडे वळले पाहिजे. गर्भाशय खाली सरकण्याला मराठी स्त्री ‘अंग बाहेर येणे’ असे म्हणते. ‘अंग’ शब्दाचे हे अर्थक्षेत्र लक्षणीय आहे. अंग म्हणजे सारे शरीर, अंग म्हणजे गर्भाशय. स्राव ‘अंगावरून’ जातो, मूल ‘अंगावर’ पिते, आणि उपाय न करता सोसलेले दुखणे ‘अंगावर काढले’ जाते. एकाच शब्दात अवयव झाकलेला आहे आणि सोसण्याची रीतही त्याच शब्दाने सांगितलेली आहे. ह्याच भागाला धरून ‘ओटी’ हा मंगल शब्द आहे. ओटी भरताना तो चारचौघांत उच्चारला जातो. तेच ओटीपोट जड झाले, तेथून काही खाली आले, की बोलणे थांबते.

हे मौन किती खोल असते, ह्याची जाणीव महाराष्ट्रातील एका अभ्यासाने करून दिली. डॉ. राणी बंग आणि त्यांचे सहकारी यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचा वृत्तान्त १९८९ साली ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. तक्रार मात्र ५५ टक्के स्त्रियांनीच सांगितली होती, आणि त्यापूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हा अभ्यास सर्व स्त्रीरोगांचा होता, श्रोणितलाचा नव्हे. परंतु लक्षण आणि चिन्ह ह्यांमध्ये केवढी दरी असू शकते, हे त्यावरून स्पष्ट होते. आंतरराष्ट्रीय परिभाषा ‘रुग्ण सांगतो ते लक्षण’ असे म्हणून पुढे जाते. रुग्ण सांगतच नसेल तर काय, हा प्रश्न परिभाषेच्या बाहेर राहतो.

ज्या स्त्रिया सांगतात, त्यांच्या वाक्यांची घडणही विचारात घेण्याजोगी आहे. मराठीत अकर्मक आणि सकर्मक धातूंच्या जोड्या विपुल आहेत : सुटणे-सोडणे, पडणे-पाडणे, अडणे-अडविणे. लघवीची तक्रार सांगताना तीन प्रकारची वाक्ये ऐकू येतात. ‘खोकले की सुटते’ हा पहिला प्रकार. येथे क्रियापद अकर्मक असून कर्ता लघवी आहे. बोलणारी व्यक्ती वाक्यात नाहीच. ‘लागली की धरवत नाही’ हा दुसरा. येथे व्याकरणकारांनी ज्याला शक्य क्रियापद म्हटले आहे ते रूप येते. त्यात बोलणारी उपस्थित आहे, तिची इच्छाही उपस्थित आहे, नाही ती शक्ती. ‘मोकळी होत नाही, कुंथावे लागते’ हा तिसरा. येथे अडथळा आहे आणि त्यावर जोर करणे भाग पडते.

ह्या तीन घडणी वैद्यकातील तीन प्रकारच्या लक्षणांच्या पुष्कळ जवळ जातात. खोकला, शिंक, ओझे ह्यांच्या दाबाने सुटणे हा एक; अनावर घाई हा दुसरा; आणि तळ न सुटल्यामुळे होणारी अडवणूक हा तिसऱ्यामागील एक संभव. वाक्यावरून रोगनिदान करावे असे सुचवावयाचे नाही; एकाच स्त्रीच्या तोंडी तिन्ही वाक्ये येऊ शकतात आणि एकाच वाक्यामागे अनेक कारणे असू शकतात. परंतु प्रश्नावलीत ही तिन्ही वाक्ये ‘लघवीवर नियंत्रण नसणे’ ह्या एका नामात कोंबली, तर बोलणाऱ्या बाईने आपण होऊन केलेला भेद प्रश्न विचारणारा पुसून टाकतो.

शास्त्रीय म्हणून योजलेला ‘मूत्र-असंयम’ हा शब्द तर त्याहून वाईट आहे. इंग्रजीतील मूळ शब्दालाही एके काळी चारित्र्याचा वास होता. परंतु तो आता बव्हंशी विरून गेला आहे. मराठीत ‘संयम’ आणि ‘असंयम’ हे शब्द अजून नीतीच्या प्रांतात पुरते जिवंत आहेत. बाळंतपणात ज्या बाईचा स्नायू फाटला, तिला असंयमी ठरविणारा शब्द शास्त्रीय म्हणता येणार नाही. ‘मूत्रस्राव’ किंवा साधे ‘लघवी सुटणे’ हे अधिक निर्दोष होय.

५

परिभाषेतील सर्वांत गंभीर दोष ‘शैथिल्य’ ह्या शब्दाच्या ठायी आहे. मराठीत ‘शिथिल’ हे विशेषण दोन विरुद्ध ठिकाणी वापरले जाते. शवासनात शरीर शिथिल करावे असे सांगतात, तेव्हा शिथिलता हा गुण असतो. ‘प्रसूतीनंतर स्नायू शिथिल होतात’ असे लिहितात, तेव्हा तीच शिथिलता दोष ठरते. पहिल्या वाक्यात स्नायूचे एक कार्य सांगितले आहे, दुसऱ्यात त्याची एक अवस्था. २००५ च्या अहवालाने जो भेद प्रयत्नपूर्वक राखला, तो मराठीच्या ह्या एका शब्दात बुडून जातो.

त्याचे परिणाम केवळ कागदावरचे नाहीत. शिथिल म्हणजे वाईट असे एकदा ठरले की घट्ट म्हणजे चांगले हे आपोआप ठरते, आणि प्रत्येक तक्रारीवर ‘आवळण्याचा व्यायाम करा’ हा एकच उपाय उरतो. ज्या व्यक्तीचे स्नायू मुळातच सुटत नाहीत, जिला लघवीस अथवा शौचास कुंथावे लागते, जिला ओटीपोटात अथवा समागमात वेदना होतात, तिला आधी सोडावयास शिकविले पाहिजे. तिने आवळण्याचाच सराव वाढविला तर तिचे दुखणे बळावण्याचा संभव असतो. अशा व्यक्तीसाठी मराठीत नावच नाही. आणि ज्याला नाव नाही तो रुग्ण शैथिल्याच्याच रकान्यात टाकला जातो.

‘दुबळेपणा’ ह्या शब्दाचीही तीच गत आहे. डीलॅन्सी आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ साली चुंबकीय प्रतिमांच्या साहाय्याने १६० प्रथम-प्रसूत आणि ८० अप्रसूत स्त्रियांची तुलना केली. योनिमार्गे प्रसूती झालेल्यांपैकी ३२ स्त्रियांच्या, म्हणजे २० टक्क्यांच्या, गुद-उत्थापक स्नायूत दृश्य दोष आढळला. अप्रसूत स्त्रियांत एकीतही आढळला नाही. जो स्नायू हाडापासून सुटला आहे तो दुबळा नव्हे, तो जखमी आहे. दुबळ्यास व्यायामाने बळ येते. तुटलेल्याचे काय करावयाचे हा निराळा प्रश्न आहे. दोघींस ‘स्नायू दुबळे झाले’ असे एकच वाक्य सांगितले, आणि महिनोन्महिने व्यायाम करूनही गुण आला नाही, तर तुटलेल्या स्नायूची बाई स्वतःच्या आळसास दोष देत राहते. शब्दाच्या ढिलाईने येथे अपराध जखमेकडून जखमी व्यक्तीकडे सरकतो.

६

शेवटचा प्रश्न सूचनेतील क्रियापदाचा. ‘जोर लावून स्नायू आकुंचित करा’ असे वाक्य व्यायामाच्या पत्रकात लिहिणारा ‘जोर’ म्हणजे बळ एवढेच मनात आणतो. परंतु ज्या बाईने बाळंतपण सोसले आहे, तिने ‘जोर लाव’, ‘कळ दे’ हे शब्द एका विशिष्ट प्रसंगी, जन्मभर न विसरण्यासारख्या रीतीने ऐकलेले असतात. तेथे जोर म्हणजे खाली लोटणे. तिला पुन्हा जोर लावावयास सांगितले, तर तिचे शरीर जुना अर्थच आठवणार. ‘श्वास रोखून’ हे शब्द जोडले की खाली लोटण्यास आणखी मदत होते. ज्या १२ स्त्रियांचा निर्देश आरंभी केला, त्यांच्यासारख्या मराठी स्त्रिया अशाच एखाद्या वाक्याने निर्माण होत असतील, तर आश्चर्य मानावयास नको.

‘आवळणे’ हे क्रियापद दोरी आणि गाठ ह्यांचे आहे; त्यात दाब आहे, पण वरची दिशा नाही आणि सोडण्याची सूचनाही नाही. ‘आकुंचन’ हा शब्द नेमका आहे, परंतु तो बहुतेक ऐकणाऱ्यांच्या शरीरास ओळखीचा नाही. ह्या दृष्टीने ‘मिटणे’ ह्या क्रियापदाचा विचार व्हावा. डोळे मिटतात, ओठ मिटतात, पाकळ्या मिटतात. मिटण्यास जोर लागत नाही आणि मिटलेले उघडते हे शब्दातच गृहीत आहे. ‘वारा अडविण्यासाठी मागची वाट मिटावी, हळूच वर घ्यावी, आणि मग पूर्ण सोडून द्यावी’ अशा वाक्यात तीन गोष्टी येतात : क्रिया, दिशा आणि सुटका. हे वाक्य चांगले आहे की नाही, हे मात्र वाक्य रचणाऱ्याने ठरवावयाचे नाही. ते वाक्य, ‘आवळा’ चे वाक्य आणि ‘आकुंचन करा’ चे वाक्य अशी तीन वाक्ये तीन गटांस सांगून, प्रत्येक गटातील किती जणींचे स्नायू खरोखर वर उचलले गेले, हे दाबमापकाने अथवा ध्वनिप्रतिमेने पाहिले पाहिजे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने आणि व्यायामोपचाराच्या विद्यार्थ्याने एकत्र बसून करावे असे हे काम आहे. पुण्यासारख्या नगरीत, जेथे दोन्ही विद्यांच्या शाळा एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत, ते अवघड नसावे.

७

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. ‘मूळबंध’ हा शब्द संशोधनात वापरावयाचा असेल, तर कोणत्या परंपरेतील आणि नेमकी कोणती क्रिया, हे प्रत्येक वेळी सांगितले पाहिजे. ‘योनी’ हा शब्द हठयोगाच्या वचनातून स्त्रीदेहावर उचलून ठेवता कामा नये. त्या स्थानासाठी ‘शिवण’ हा मराठीचा स्वतःचा शब्द उपलब्ध आहे. कार्य सांगावयाचे असेल तेथे ‘शिथिलन’ आणि दोष सांगावयाचा असेल तेथे ‘शैथिल्य’ असा भेद कटाक्षाने पाळावा. जे स्नायू सुटत नाहीत त्यांच्यासाठी ‘अतिक्रियाशील’ हे नाव रूढ करावे, आणि जखमेला दुबळेपणा म्हणू नये.

परंतु परिभाषा कितीही शुद्ध केली तरी ती तपासणाऱ्याच्या टेबलापाशीच राहते. रुग्णाच्या बाजूचे काम वेगळे आहे. मराठी भाषकांवरील कोणत्याही अभ्यासात, तक्रारीला शास्त्रीय नाव देण्यापूर्वी, ती तक्रार ज्या वाक्यात सांगितली गेली ते वाक्य जसेच्या तसे नोंदविण्याची शिस्त असावी. बोलीचे रूप सुधारू नये, क्रियापद बदलू नये, ‘अंग’ च्या जागी ‘गर्भाशय’ लिहू नये. अशी काही शे वाक्ये पुणे, गडचिरोली, कोकण आणि सीमाभाग अशा ठिकाणांहून गोळा झाली, तर मराठी प्रश्नावली कोणत्या शब्दांत लिहावी हे त्या वाक्यांवरूनच ठरविता येईल. आजवर प्रश्न आधी ठरत आले आणि उत्तरे त्यांत बसविली गेली. जी बाई दुखणे अंगावर काढते, तिला ओळखीचा वाटेल असा एक प्रश्न विचारला गेला, तर ती उत्तर देण्याचा संभव वाढतो. आणि ह्या विषयात उपचाराचा आरंभ तेथूनच व्हावयाचा असतो.